श्वास, श्रम आणि द्रावके : हवेतील माप व शरीरातील भार

पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नागोठणे व रोहे यांच्या दरम्यान निडी हे लहानसे स्थानक आहे. त्याच्या एका अंगास नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल, तर दुसऱ्या अंगास कुंडलिकेकाठची धाटाव औद्योगिक वसाहत. धाटावची वसाहत मुख्यतः रासायनिक कारखान्यांची आहे. या पट्ट्यातील भातशेती करणाऱ्या गावांतून अनेक तरुण कारखान्यांत कामास जातात. पिंपे भरणे, टाक्या धुणे, पोती वाहणे, रंगकाम करणे अशी अंगमेहनतीची कामे बहुधा कंत्राटी कामगारांच्या वाट्याला येतात. पेणच्या परिसरात गणेशमूर्तींच्या कार्यशाळा आहेत. जेथे थिनर मिसळलेला रंग फवारला जातो, तेथील कारागिरांचाही प्रस्तुत विषयाशी संबंध येतो.

पाळी संपवून आलेल्या कामगाराचे डोके दुखते, तोल जातो, बोलण्यात थोडी जडता येते. घरच्यांना व शेजाऱ्यांना वाटते, हा पिऊन आला. काही वेळा ते खरेही असेल. परंतु पुष्कळदा हा परिणाम मद्याचा नसून दिवसभर श्वासावाटे शरीरात गेलेल्या द्रावकांचा असतो. एकाच छपराखाली, एकाच हवेत दोन माणसे काम करीत असली तरी दोघांच्या शरीरात जाणारी द्रावकाची मात्रा सारखी नसते. खुर्चीवर बसून नोंदी ठेवणाऱ्यापेक्षा पिंपे हलविणाऱ्याच्या शरीरात ती कितीतरी अधिक जाते. असे का होते आणि त्याचा हिशेब शास्त्रज्ञ कसा मांडतात, हे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

द्रावक म्हणजे काय?

जो द्रवपदार्थ दुसऱ्या पदार्थाला आपल्यात विरघळवून घेतो आणि काम झाले की उडून जातो, त्याला सामान्यतः द्रावक म्हणतात. थिनरमधील टोल्युइन व झायलीन, फायबरग्लासच्या कामातील स्टायरीन, चिकट पदार्थांतील हेक्झेन, सफाईसाठी वापरले जाणारे ॲसिटोन ही त्याची परिचित उदाहरणे होत. यांपैकी स्टायरीन हा फायबरग्लासच्या राळेचा घटकही असतो. ही द्रव्ये सहज उडतात हाच त्यांचा गुण आणि हाच त्यांचा दोष. उष्म्याने त्यांचे बाष्पीभवन वाढते. टोल्युइनचा बाष्पदाब २० अंश सेल्सिअसला जेवढा असतो, त्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक तो ३० अंशांना होतो. कोकणातील उन्हाळ्यात उघड्या पिंपातून हवेत किती अधिक बाष्प मिसळत असेल, याची यावरून कल्पना यावी. शिवाय हे बाष्प हवेपेक्षा जड असते. टोल्युइनचे बाष्प तर तिपटीहून जड आहे. त्यामुळे टाकीच्या तळाशी, खड्ड्यात किंवा बंदिस्त जागी ते साचून राहते.

फुप्फुसातून रक्तात

फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोशांच्या पातळ भिंतींपलीकडून रक्त वाहत असते. श्वासाबरोबर आलेले बाष्प ही भिंत ओलांडून रक्तात विरघळते. किती विरघळावे हे त्या द्रव्याच्या स्वभावावर अवलंबून असते. हवा व रक्त यांच्यात समतोल झाला असता रक्तातील प्रमाण हवेतील प्रमाणाच्या किती पट असते, हे दाखविणाऱ्या आकड्यास विभाजन गुणांक म्हणतात. स्थूलमानाने हा गुणांक हेक्झेनसाठी १ च्या आसपास, टोल्युइनसाठी १५ च्या आसपास, स्टायरीनसाठी ५० च्या आसपास, तर ॲसिटोनसाठी २०० च्या वर आहे.

ज्याचा गुणांक लहान, त्या द्रव्याने रक्त लवकर भरते व उरलेले बाष्प उच्छ्वासावाटे परत जाते. ज्याचा गुणांक मोठा, ते द्रव्य रक्त जणू शोषूनच घेते. जेवढे वायुकोशांपर्यंत येईल तेवढे जवळजवळ सारे उचलले जाते. म्हणून अशा द्रव्यांच्या बाबतीत माणूस मिनिटाला किती हवा आत घेतो, यावरच मात्रा ठरते.

शरीर : एका कालव्यावरची अनेक खाचरे

रक्तात गेलेले द्रावक पुढे कोठे जाते, हे समजण्यासाठी रोहे परिसरातील वाचकांना परिचित असे एक उदाहरण घेऊ. डोलवहाळ बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्याचे पाणी पाटांतून खाचराखाचरांत जाते. रुंद पाटाजवळचे लहान खाचर लगेच भरते आणि पाणी बंद होताच लगेच ओसरते. अरुंद चारीवरचे मोठे, खोल खाचर भरायला फार वेळ लागतो, परंतु एकदा भरले की त्यात पाणी दिवसचे दिवस टिकते.

शरीरातही अशीच रचना आहे. मेंदू, हृदय, मूत्रपिंडे यांना भरपूर रक्त मिळते. तेथे द्रावक काही मिनिटांतच पोहोचते, म्हणून भोवळ लवकर येते. स्नायूंचे खाचर मोठे आहे, पण विश्रांतीच्या वेळी त्यांना मिळणारे रक्त बेताचे असते. मेदाला म्हणजे चरबीला रक्तपुरवठा थोडा, मात्र साठवणशक्ती मोठी. टोल्युइन रक्ताच्या तुलनेत मेदात ५० पटींच्या आसपास साठू शकते. हा साठा रिकामा होण्यास तासांऐवजी दिवस लागतात. त्यामुळे सोमवारी सुरू झालेला साठा रोज थोडा शिल्लक राहून आठवड्याच्या अखेरीस वाढलेला असतो. साप्ताहिक सुट्टी ही या दृष्टीने शरीराचा साठा उपसण्याची संधी होय.

या रचनेत यकृताचे स्थान वेगळे आहे. ते निचऱ्याची मोरी आहे. यकृतातील विकरे द्रावकाचे रूपांतर पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांत करतात व ते मूत्रावाटे बाहेर पडतात. मात्र विकरांच्या कामालाही मर्यादा असते. मात्रा फार वाढली की निचरा तेवढ्या प्रमाणात वाढत नाही आणि द्रावक रक्तात तुंबते.

श्रमाने काय बदलते?

स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे ८ लिटर हवा आत-बाहेर करतो. मध्यम प्रतीच्या श्रमात हे प्रमाण २५ लिटरच्या घरात जाते आणि जड कामात त्याहूनही वाढते. हृदयातून विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकले जाते, ते श्रमात १० लिटर किंवा अधिक होते. हे वाढलेले रक्त मुख्यतः स्नायूंकडे वळते. विश्रांतीच्या वेळी एकूण रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा घेणारे स्नायू जड श्रमात निम्म्याहून कितीतरी अधिक हिस्सा घेतात.

रक्त स्नायूंकडे वळले की यकृत व आतडी यांना मिळणारे रक्त घटते. विश्रांतीच्या वेळी यकृतातून मिनिटाला दीड लिटरच्या आसपास वाहणारे रक्त श्रमात बरेच कमी होते. टोल्युइन व स्टायरीन यांसारखी द्रव्ये यकृत आपल्याकडे आलेल्या रक्तातून झपाट्याने काढून घेते, म्हणून त्यांचा निचरा यकृताकडे किती रक्त येते यावरच अवलंबून असतो. थोडक्यात, श्रम करणाऱ्याच्या शरीरात द्रावकाची आवक वाढते आणि त्याच वेळी निचऱ्याची मोरी अरुंद होते. मेहनतीचे काम करणाऱ्यावर असा दुहेरी भार पडतो.

हिशेब कसा मांडतात?

शरीराच्या प्रत्येक भागासाठी रक्ताची आवक, जावक, साठवण व निचरा यांचे समीकरण लिहावयाचे आणि ती सारी समीकरणे एकत्र सोडवावयाची, यास शरीरक्रियेवर आधारलेले गणिती प्रतिमान म्हणतात. या विचाराची मुळे जुनी आहेत. अमेरिकेतील हॉवर्ड हॅगार्ड यांनी १९२४ साली भुलीच्या ईथरचे शोषण व उत्सर्जन यांचा हिशेब मांडला. स्वीडनचे टॉर्स्टेन टेओरेल यांनी १९३७ साली औषधांच्या शरीरातील वाटचालीची समीकरणे लिहिली. १९७० च्या दशकात स्टॉकहोम येथे इर्मा ऑस्ट्रांड व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना जागच्या जागी चालविण्याच्या सायकलवर बसवून, द्रावकाचे मोजके बाष्प असलेली हवा त्यांना श्वासावाटे दिली. पायडल मारण्याचा जोर वाढविला की रक्तातील द्रावक वाढते, हे त्यांनी प्रत्यक्ष मोजून दाखविले. पुढे १९८४ साली रॅम्झी व अँडरसन यांनी स्टायरीनचे प्रतिमान उंदीरवर्गीय प्राण्यांपासून माणसापर्यंत लागू करून दाखविले. हवेत दहा लाख भागांत सुमारे २०० भागांहून अधिक स्टायरीन असेल, तर निचऱ्याची शक्ती अपुरी पडू लागते, असे त्यातून दिसले.

श्वासाच्या पहिल्या पायरीचा हिशेब तर साधा आहे. वायुकोशांपर्यंत पोहोचणारी हवा विश्रांतीत मिनिटाला ५ लिटर व श्रमात २० लिटर धरू. रक्ताचा प्रवाह अनुक्रमे ५ व १० लिटर धरू. आरंभी, रक्त द्रावकविरहित असताना, ५० गुणांकाचे स्टायरीन विश्रांतीत मिनिटाला ४.९ लिटर हवेतले व श्रमात १९.२ लिटर हवेतले उचलले जाते, म्हणजे जवळजवळ चौपट. हेक्झेनचा गुणांक ०.८ धरला, तर हेच आकडे २.२ व ५.७ येतात, म्हणजे सुमारे अडीचपट. हेक्झेनची ही वाढही रक्त भरत जाईल तशी लवकर मंदावते. म्हणून श्रमाचा परिणाम सर्व द्रावकांवर सारखा होत नाही. जी रक्तात अधिक विरघळतात, त्यांच्या बाबतीत तो अधिक असतो.

मर्यादेतील हवा, तरीही अधिक मात्रा

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये दुरुस्ती करण्यात आली आणि कामाच्या जागेच्या हवेतील घातक द्रव्यांच्या कमाल मर्यादांची अनुसूची त्यात जोडण्यात आली. तीत टोल्युइनसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा दहा लाखांत १०० भाग, म्हणजे दर घनमीटर हवेत ३७५ मिलिग्रॅम अशी होती. पुढे हा अधिनियम व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावून घेण्यात आला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून अशा मर्यादा विहित करण्याचे काम तिने राज्य शासनाकडे सोपविले आहे.

आता ३७५ हाच आकडा घेऊन एक गणित करू. शाळेतील सातवी-आठवीचा विद्यार्थीही ते सोडवू शकेल.

पहिला कामगार बसून काम करतो. मिनिटाला ८ लिटरप्रमाणे ४८० मिनिटांत तो सुमारे ३.८४ घनमीटर हवा घेतो. हवेत नेमके मर्यादेइतके, म्हणजे ३७५ मिलिग्रॅम टोल्युइन आहे. तेव्हा तो १,४४० मिलिग्रॅम टोल्युइन श्वासावाटे घेतो. त्यातील निम्मे शरीरात राहते असे धरले, तर ७२० मिलिग्रॅम होते.

दुसरा कामगार मेहनतीचे काम करतो. मिनिटाला २५ लिटरप्रमाणे तो ४८० मिनिटांत १२ घनमीटर हवा घेतो. त्याच्या जागी टोल्युइन मर्यादेच्या निम्मेच, म्हणजे १८७.५ मिलिग्रॅम आहे. तेव्हा तो २,२५० मिलिग्रॅम श्वासावाटे घेतो. श्रमात श्वास जलद चालत असल्याने शरीरात राहणारा हिस्सा थोडा घटतो. तो निम्म्याऐवजी ४० टक्के धरला, तरी ९०० मिलिग्रॅम होते.

म्हणजे मर्यादेच्या निम्म्या हवेत राबणाऱ्याच्या शरीरात पूर्ण मर्यादेच्या हवेत बसलेल्या माणसापेक्षा सव्वापट द्रावक गेले. प्रत्यक्षात कोणी आठही तास एकसारखे राबत नाही. मधे जेवण, विसावा असतो, तेव्हा हे आकडे उदाहरणादाखलच समजावेत. मर्यादा ठरविताना साधारण कामाचा विचार झालेला असतो, हेही खरे. आठ तासांत १० घनमीटर हवा हा त्यासाठी प्रचलित असलेला ठोकताळा आहे. परंतु जड कामासाठी तो अपुरा पडतो. शिवाय ज्ञान वाढते तशा मर्यादाही खाली येतात. अमेरिकेतील शासकीय औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने २००७ साली टोल्युइनची आपली शिफारस दहा लाखांत २० भागांवर आणली. म्हणून ‘हवा मर्यादेत आहे’ एवढ्या शेऱ्यावर समाधान मानू नये.

शरीरातील भार मोजता येतो

हवेचे माप पुरेसे नसेल, तर शरीरातील भार कसा ओळखावा? त्याचा मार्ग मूत्रतपासणी हा होय. पाळीच्या अखेरीस घेतलेल्या नमुन्यात स्टायरीनसाठी मँडेलिक आम्ल, झायलीनसाठी मेथिलहिप्युरिक आम्ल शोधतात. टोल्युइनसाठी पूर्वी हिप्युरिक आम्ल पाहत असत. परंतु सोडियम बेंझोएट हे परिरक्षक घातलेली सरबते, शीतपेये व लोणची खाल्ल्यानेही ते मूत्रात वाढते. म्हणून आता ऑर्थो-क्रेसॉल अथवा मूत्रातील खुद्द टोल्युइन पाहणे अधिक विश्वसनीय मानले जाते. नमुना पाळी संपतानाच घेतला पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी घेतलेला नमुना बहुधा फसवी निश्चिंती देतो.

प्रतिमानालाही मर्यादा आहेत. मेदाचे प्रमाण, वय, विकरांची शक्ती माणसागणिक वेगळी असते. काही द्रावके त्वचेतूनही आत जातात. प्रतिमान सरासरी दाखविते, व्यक्तीचे निदान करीत नाही. परंतु कोणत्या कामावर अधिक लक्ष द्यावे, नमुना केव्हा घ्यावा, पाळी दहा-बारा तासांची झाली तर साठा किती वाढेल, हे ते आधी सांगू शकते. माणसे आजारी पडण्याची वाट न पाहता असा अंदाज मिळतो, यातच त्याची खरी उपयुक्तता आहे.

काय करता येईल?

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम बाष्प हवेत मिसळूच देऊ नये : पिंपांना झाकणे, बंदिस्त नळ, शक्य तेथे पाण्यात कालविलेले रंग. त्यानंतर बाष्प उगमापाशीच ओढून घेणारे शोषकपंखे. तिसरा उपाय श्रम कमी करण्याचा : पिंप हलविण्यास ढकलगाडी, ढवळण्यास यंत्र, जड उचल बाष्पाच्या जागेपासून दूर, कामाची आलटापालट आणि विसावा मोकळ्या हवेत. श्रम हलके केल्याने पाठ तर वाचतेच, परंतु शरीरात जाणारे विषही घटते, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या ध्यानी आणून देण्याजोगी आहे.

मुखपट्टीचा क्रम शेवटचा. नाकावर बांधलेला रुमाल किंवा धुळीसाठीची कागदी पट्टी बाष्प अडवीत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाची डबी असलेला मुखवटा लागतो आणि ती डबी वेळेवर बदलावी लागते. बंद टाकीत उतरताना असा मुखवटाही पुरेसा नसतो. तेथे प्राणवायूचेच प्रमाण घटलेले असू शकते. हवेची तपासणी, लेखी परवाना, बाहेरून हवा पुरविण्याची सोय व वर पहाऱ्यास माणूस यांशिवाय कोणीही टाकीत उतरू नये आणि कोणासही उतरवू नये.

मद्याचा उल्लेख पुन्हा करणे भाग आहे. मद्य व द्रावक यांचा निचरा यकृताच्या एकाच वाटेने होतो. कामावरून आल्यावर मद्य घेतले, तर टोल्युइन, झायलीन व स्टायरीन यांचा निचरा रेंगाळतो. तेव्हा लक्षणे द्रावकाची असोत वा मद्याची, दोन्ही एकत्र आली तर अपाय वाढतो. दीर्घकाळ मात्रा जात राहिली, तर स्मरणशक्ती, स्वभाव व झोप यांवर परिणाम होतो. गोंगाटाच्या जागी टोल्युइन व स्टायरीन श्रवणशक्तीची हानी वाढवितात, हेक्झेनने हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते.

ग्रामपंचायतीला हवा मोजण्याचे यंत्र घ्यावे लागत नाही, परंतु प्रश्न विचारता येतात. आपल्या गावातील कंत्राटी कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी होते काय? तिचा अहवाल कामगाराला मिळतो काय? हवेचा नमुना राबणाऱ्याच्या नाकाजवळ घेतला की कार्यालयाच्या दारात? सुरक्षा समितीत जड काम करणाऱ्यांचा प्रतिनिधी आहे काय? आसन्न धोक्याची सूचना देण्याचा कामगारास कायद्याने हक्क आहे, हे त्याला कोणी सांगितले आहे काय? शंका असल्यास राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे विचारणा करता येते. शीव, मुंबई येथील केंद्रीय श्रम संस्था व अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था यांच्याकडे या विषयातील तज्ज्ञ आहेत.

शिक्षकांचा वाटा याहून कमी नाही. वर्गात विद्यार्थ्यांना आपले श्वास प्रथम बसून व मग मैदानास दोन फेऱ्या मारून मोजावयास सांगावे आणि वरील गणित फळ्यावर मांडावे. धाटावला जाणाऱ्या वडिलांच्या वा भावाच्या डोकेदुखीचे कारण त्या मुलांना कदाचित त्या दिवशी प्रथमच कळेल.

औद्योगिक विकासाने या खोऱ्यात रोजगार आला. तो रोजगार ज्यांच्या श्रमावर उभा आहे, त्यांच्याच शरीरावर त्याचा सर्वाधिक भार पडू नये, ही विकासाची किमान अट होय. हवेच्या मापाशेजारी श्रमाचे मापही नोंदवहीत लिहिले जाऊ लागले, तर ती अट पुरी करण्याच्या दिशेने एक निश्चित पाऊल पडेल.